हवेचा बाक

पैठण रस्त्यावर आज दुपारी पाणी दिसलं. गाडीच्या पुढे, डांबरावर, निळसर चकाकणारं. जवळ जावं तर नाही. चैत्र निम्मा सरला की आमच्याकडे रस्त्यांना असं पाणी सुटतं आणि नळाचं पाणी आणखी एक दिवस लांबतं. लोक या दिवसांत कैऱ्यांबद्दल बोलतात, कूलरच्या ताट्या कुठे चांगल्या मिळतात ते एकमेकांना विचारतात. मला मात्र दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात रोज प्रकाश वाकत होता.

सई, अर्णव, तुम्हाला त्यातलं थोडंच माहीत आहे. उरलेलं लिहून ठेवते. मला गोष्टी जागच्या जागी ठेवलेल्या आवडतात हे तुम्ही जाणताच; आठवणींनाही मी तोच नियम लावते.

तुमच्या आजोबांनी आयुष्यभर पाण्याला उतार दिला. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत ते ओव्हरसियर होते. उन्हातान्हात दुर्बीण लावायची, समोर एकाने आकड्यांची उंच काठी धरायची, काठीवरचा आकडा वाचायचा आणि कालवा कुठे किती खोल खणायचा ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्या दुर्बिणीला ते ‘लेव्हल’ म्हणतात. माझं शिक्षण छावणीतल्या इंग्रजी शाळेत झालं, पुढे मी मुलींना भूगोल शिकवला. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मी त्यांना कालवा म्हणजे काय ते नकाशावर दाखवायला गेले होते. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “मॅडम, नकाशावर पाणी वाहत नसतं.” तेव्हापासून मी ‘मॅडम’च आहे. त्यात कधी राग नव्हता.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते हॉलमधल्या खुर्चीला खिळले. गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या प्लास्टिकच्या स्टँडवर फोन उभा केला आणि सकाळच्या चहापासून तो बोलायला लागला. एक हिंदी बोलणारा माणूस, मागे निळा पडदा. आधी देशी औषधं, मग पुरातन विमानं. मग एका सकाळी मी पोहे घेऊन गेले तर तो माणूस सांगत होता की पृथ्वी सपाट आहे. मला वाटलं, हे हसतील. ते हसले नाहीत. चमच्यातले पोहे खाली ठेवून त्यांनी आवाज वाढवला.

त्या माणसाकडे सगळ्याला एकच उत्तर होतं. सूर्य क्षितिजाखाली जातो तो खाली जात नाही, लांब जातो आणि त्याचा प्रकाश वाकतो. दूरच्या जहाजाचा तळ आधी नाहीसा होतो, कारण प्रकाश वाकतो. आणि आजोबांकडे त्याला जोडायला स्वतःचा पुरावा होता. ते म्हणायचे, चाळीस वर्षं कालवे काढले, पृथ्वीचा बाक एकदाही हिशोबात धरला नाय. पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचलं का नाय? पाणी पोचलं होतं. मी स्वतः पाहिलं होतं.

हे सगळं ते घरच्या ग्रुपवरही टाकायला लागले. मग तुमचं ते चित्र आलं.

अर्णव, आता तू मोठा झाला आहेस, म्हणून स्पष्ट लिहिते. तू काढलेलं चित्र चांगलं होतं. थालीपीठावर उभे असलेले आजोबा, हातात छत्री, आणि थालीपीठाच्या कडेवरून खाली पडणारी एक म्हैस. मला हसू आलं होतं. घरच्या ग्रुपवर एकामागून एक पिवळी तोंडं हसायला लागली. पुण्याचे काका, नागपूरच्या वन्सं, तुझी आईसुद्धा. आणि त्या हसणाऱ्या तोंडांच्या खाली राखाडी अक्षरांत एक ओळ उमटली, की आजोबांनी ग्रुप सोडला. मी स्वयंपाकघरात होते. ते आत आले, माठातलं पाणी प्यायले आणि म्हणाले की डाळ लागतेय बहुतेक, वास येतोय. डाळ लागली नव्हती.

त्यानंतर दर रविवारी मुग्धाचा, तुमच्या आईचा, फोन वाजला की ते काठी टेकत गच्चीवर जायचे. भर दुपारी. फरशी इतकी तापलेली की अनवाणी पाय ठेवता येत नसे. मी तुम्हाला सांगायची की आजोबा झोपलेत. तुम्ही विचारायचात, अजून? वरून त्यांच्या काठीचा आवाज यायचा, या टोकाकडून त्या टोकाकडे, आणि मी बोलण्याचा आवाज वाढवायची.

घर तसं बाहेरून नीट चाललं होतं. नळाच्या दिवशी पिंपं भरली जात होती, कूलरला पाणी घातलं जात होतं. जेवताना ताटं समोरासमोर. पण ज्या माणसाने कधी आकडा फिरवला नाही, ठेकेदाराने घरी पाठवलेली आंब्याची पेटी दारातूनच परत केली, तो माणूस आता म्हणत होता की सगळे मिळालेले असतात. सगळे म्हणजे कोण, हे विचारलं की आणखी थोडे लोक त्यात यायचे. मला पृथ्वीची काळजी नव्हती. ती आपली आपण राहील तशी राहील. आज पृथ्वी, उद्या रक्तदाबाची गोळी, परवा मी, अशी ती भीती होती. गोळ्यांच्या डबीचं झाकण मी रोज हळूच उघडून बघायची.

त्या महिन्यातली संकष्टी मला अजून लख्ख दिसते. हे लहानपणापासून संकष्टी करतात. चंद्र पाहिल्याशिवाय तोंडात घास नाही. पृथ्वी सपाट झाली तरी उपास चालूच होता. नागपूरच्या वन्संही करतात. चंद्र दिसला की आधी त्यांचा फोन येतो, कारण चंद्र त्यांच्याकडे आधी उगवतो. कॅलेंडरच्या मागच्या पानावर सगळ्या गावांच्या वेळा असतातच: नागपूर आधी, मग आम्ही, मग पुणे, मुंबई. त्या दिवशीही त्यांचा फोन आला. “दिसला गं आमच्याकडे. मी बसते जेवायला. दादाला म्हणावं, तुझा येतोय मागून.”

मी गच्चीवर गेले. हे पाण्याच्या टाकीला टेकून पूर्वेकडे बघत उभे होते. मी म्हटलं, वन्सं जेवायला बसल्यासुद्धा. मग राहवलं नाही. जमीन सपाट असेल तर चंद्र सगळ्यांना एकदमच दिसायला हवा ना, असं विचारलं.

“प्रकाश वाकतो,” ते म्हणाले. “तिथं कमी वाकतो, इथं जास्त.”

“आज हवा किती तापणार त्यावर वाकणं ठरणार. मग ते कॅलेंडर छापणाऱ्याला गेल्या वर्षीच कसं कळलं?”

उपाशी माणसाशी वाद घालू नये हे मला कळत होतं. मग ते शांतपणे म्हणाले, “तेबी मिळालेले असतील.”

कॅलेंडरवाले. वर्षानुवर्षं ज्यांच्या वेळेवर या माणसाने आपला घास थांबवला, तेसुद्धा. समोरच्या बिल्डिंगच्या मागून चंद्र वर आला, तांबूस, एका बाजूने झिजलेला. यांनी हात जोडले. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. कॅलेंडरात होतं त्याहून किंचित उशीर, तोही मधे बिल्डिंग होती म्हणून. खाली येऊन वरणभात वाढला.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून तो हिंदी माणूस ऐकायला लागले. त्यांना वाटलं मी थट्टा करायला बसले, तसं नव्हतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. प्रकाश वाकतो हे तर मीच मुलींना शिकवत आले. पाण्याच्या ग्लासात चमचा मोडलेला दिसतो. उगवता सूर्य खरा क्षितिजावर येण्याआधीच आपल्याला दिसतो, कारण हवा त्याचे किरण खाली वळवून आपल्यापर्यंत आणते. या रस्त्यावरच्या खोट्या पाण्यातही तेच, फक्त उलट्या दिशेने. तापलेलं डांबर किरण वर वळवतं आणि आभाळाचा तुकडा जमिनीवर पडल्यासारखा दिसतो. वाकण्याशी माझं भांडण नव्हतं. लागेल तेवढं वाकण्याशी होतं. सूर्य बुडवायला इतका, जहाज लपवायला तितका, चंद्राला गावागणिक वेगळा. मी वाट बघत होते की तो माणूस कधीतरी सांगेल, किती आणि कोणत्या दिशेने. त्याने एकदाही सांगितलं नाही. जो शिंपी टेप न लावताच प्रत्येकाला ‘बरोबर बसेल बघा’ म्हणतो, त्याच्याकडे मी तरी कापड टाकत नाही.

हे मी यांना सांगितलं. ते म्हणाले, “तू पुस्तकातलं बोलते.” आणि फोन उचलून आतल्या खोलीत गेले.

त्याच आठवड्यात मुग्धाने कळवलं की ईस्टरच्या सुट्टीत तुम्ही येताय. मला आनंद झाला. संध्याकाळी मी यांना सांगितलं. ते वर्तमानपत्र घडी करत होते. म्हणाले, चांगलं आहे, येऊ दे लेकरांना. मी तेवढे दिवस दौलताबादला पुतण्याकडे राहतो, त्याच्या पेरूच्या बागेचं पाण्याचं काम काढलंय. बागेचं काम कुणी काढलेलं नव्हतं. दौलताबाद इथून किती जवळ, आमच्या गच्चीवरून किल्ल्याचा डोंगर दिसतो. तुम्ही हॉलंडहून एवढ्या लांब येणार आणि आजोबा त्या डोंगरापलीकडे बसणार.

मी एवढंच म्हटलं की अर्णवने माफीचा निरोप पाठवलाय. ते म्हणाले, “माफी कशाची? त्याला जे दिसलं ते त्यानं काढलं.”

शेख साहेब मधे पडले नसते तर पुढे काय झालं असतं, सांगता येत नाही. शेख साहेब यांचे नोकरीतले जोडीदार. दोघे एकाच दिवशी कामावर रुजू झालेले, म्हणून एकमेकांना काहीही बोलतात. चहाला आले, सगळं ऐकलं आणि मला म्हणाले, “वैनी, मैं तो साब को बोल्या, जमीन गोल रहो के चपटी, पेन्शन तो एक तारीख कोच आती.” हे हसले नाहीत. उलट तावातावाने म्हणाले की मी सिद्धच करून दाखवतो, पैठणच्या धरणावर, नाथसागरावर चला, लेव्हल लावतो, पलीकडचा काठ पायथ्यापासून दिसला पाहिजे. शेख साहेबांचा जावई प्लॉटची मोजणी करतो. त्याची लेव्हल मिळाली. मी म्हटलं, मीही येणार. दशम्या आणि काकड्या बांधल्या आणि उजाडताना निघालो.

नाथसागराचं पाणी आत गेलं होतं. काठचा गाळ भेगाळून कडक झालेला, त्यावर बगळे. पलीकडे, फार लांब, धुरकट रेघेवर एक पांढरं पंपघर. यांनी लेव्हलची तीन पायांची तिवई उघडली आणि मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. कितीतरी महिन्यांनी ते हात फोनशिवाय दुसऱ्या वस्तूला लागत होते. तिन्ही स्क्रू फिरले, काचनळीतला बुडबुडा हलत हलत मधोमध येऊन बसला. गुडघ्याचं दुखणं जणू कुठेतरी ठेवून आले होते.

डोळा लावून त्यांनी पाहिलं, मग मला बोलावलं. पंपघराचं छप्पर, भिंत, खिडकी. दाराच्या वरची चौकट दिसत होती. दार नव्हतं. चौकटीच्या खाली सरळ पाणीच.

“वाकला,” ते म्हणाले.

“कोणत्या बाजूला?”

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. म्हणाले, मशीन आधी तपासतो, बिनतपासल्या मशीनवर बोलायचं नाय. काठाकाठाने त्यांनी दोन दगड ठरवले. शेख साहेबांना आकड्यांची काठी घेऊन एका दगडावर उभं केलं आणि स्वतः न बोलता, न मोजता, दोन्ही दगडांच्या बरोबर मधे जाऊन तिवई रोवली. मी मागोमाग गेले. मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून विचारलं, की मधोमधच का.

“पद्धत आहे,” ते म्हणाले. “मधोमध लावलं की मशीनचा दोष, हवेचा दोष, दोन्हीकडं सारखाच येतो. वजाबाकीत मरून जातो.”

“कालव्यावरही असंच?”

“कायम.”

“मग पृथ्वीला बाक असला, तर तोही मरून जात असेल.”

बगळे उडाले. हे लेव्हलवर वाकलेले तसेच राहिले. त्यांचा डोळा काचेला होता, पण ते वाचत नव्हते. मला भीती वाटली की आता ते सगळं गुंडाळून गाडीत जाऊन बसतील, आणि दौलताबादला जातील ते परतच येणार नाहीत.

शेख साहेब काठी धरून कंटाळले होते. त्यांनी लांबूनच विचारलं की काय चाललंय, आणि ती काठी खांद्यावर टाकून चालत आले. मी त्यांना सांगितलं. ते गालातल्या गालात हसायला लागले. “नदी में मधोमध कैसा लगाते वैनी? गोदावरी में कौन खडा रहता?” आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, अधूनमधून यांच्याकडे बघत. दोघेही नवीन होते. गोदावरीच्या दोन्ही काठांची उंची जुळवायची होती, आणि नदीच्या पात्रात तर तिवई रोवता येत नाही. हे अलीकडे, शेख साहेब पलीकडे. काठीवर लाल-पांढरी चकती, झेंड्याच्या इशाऱ्याने ती वरखाली करायची. अलीकडून मोजलं, मग लेव्हल पलीकडे नेऊन मोजलं. आकडे जुळेनात. दोन बोटांचा फरक. यांनी शेख साहेबांवर आरोप केला की तू काठी हलवलीस. “पूरे कॅम्प के सामने बोले, नींद में था करके. अब्बी तक याद है मेरे कू.”

“काठी हलली नव्हती,” हे म्हणाले.

ते सरळ उभे राहिले होते. नाथसागराकडे बघत होते, पण आमच्याशी बोलत होते.

“रात्री मोठे साहेब आले तंबूत. म्हणाले, दोघंबी बरोबर वाचताय. इकडून बघितलं की तिकडचा काठ खाली दिसतो. तिकडून बघितलं की इकडचा काठ खाली. नदी रुंद असली की असंच होणार, जमिनीला बाक आहे. दोन्हीची सरासरी घ्या.”

मी हळूच विचारलं, “आणि हवा?”

“हवेचा बाक उलटा. हवा पलीकडचं थोडं वर उचलून दाखवते. तो वजा करायचा असतो.” ते थांबले. “वजा,” असं पुन्हा म्हणाले.

मग ते लेव्हलच्या पेटीवर बसले. मला बोलायची गरज उरली नव्हती, तरी तुमच्यासाठी लिहिते. वरची हवा विरळ, खालची दाट. किरण दाट हवेकडे, म्हणजे खाली वळतो आणि क्षितिजापलीकडचं थोडंसं आपल्यापर्यंत आणून पोचवतो. डांबरावरचा किरण उलटा वळतो, पण तेव्हा चित्र थरथरतं, दुहेरी होतं. त्या सकाळी पंपघर स्वच्छ होतं, कापल्यासारखं. म्हणजे हवा दार लपवत नव्हती. हवा नसती तर आणखी थोडी चौकटही गेली असती. प्रकाश वाकत होता हे खरंच, पण तो यांच्या बाजूने नव्हता. आणि हे यांना त्या हिंदी माणसापेक्षा, माझ्यापेक्षाही आधी, तरुणपणी तंबूत बसून कळलेलं होतं.

परत निघालो. दशम्या तशाच राहिल्या. चितेगावच्या पुढे रस्त्यावर पाणी दिसायला लागलं. हे खिडकीतून त्याच्याकडे बघत होते. मधेच त्यांनी शेख साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. शेख साहेबांनी गाडी चालवत नुसती मान हलवली. मला वाटलं, हे ठीक झालं. पण यांचा चेहरा ठीक नव्हता. हरलेल्या माणसाशी कसं बोलावं हे मला कधीच जमलेलं नाही, मी बक्षिसाचे कप मिळवत वाढलेली मुलगी. घरी आल्यावर मी त्यांचे बूट पुसून जागेवर ठेवले. स्टँडवरचा फोन दोन दिवस बोलला नाही.

रविवारी दुपारी मुग्धाचा फोन वाजला. मी जिन्याकडे पाहिलं. ते खुर्चीतच होते. काठी भिंतीला होती. मी फोन घेतला. तुझी आई, मग सई, आणि मागे तू, अर्णव, अर्धा दिसत, अर्धा नाही. तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला. मी फोन त्यांच्याकडे दिला.

तू लगेच म्हणालास, “सॉरी आजोबा.”

“सॉरी राहू दे,” आजोबा म्हणाले. “एक गोष्ट ऐक. लई जुनी आहे.” आणि त्यांनी तुला गोदावरी सांगितली, चकती सांगितली, झेंडे सांगितले. शेख साहेबांना काय बोलले तेही सांगितलं. मला वाटलं होतं ते वगळतील. “तर असं आहे,” ते शेवटी म्हणाले. “मला इकडून तू खाली दिसलास. तुला तिकडून मी. मशीन कुणाचंच खराब नव्हतं.”

मग तुझ्या त्या अडखळत्या मराठीत विचारलंस, “पण मग आजोबा, तो काठ रिअली किती उंच असतो?”

“ते एकट्यानं इकडून सांगता येत नाय,” ते म्हणाले. “तू ये. मी घरीच आहे.”